रिस्टोअर झालेल्या पद्मिनीच्या उरलेल्या कुरबुरी कशा काढायच्या

गाडी घरी आली त्या संध्याकाळी नारळ फुटला, सोसायटीतल्या पोरांचे फोटो काढून झाले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्या ठेक्यावर नाचतो. पाचव्या दिवशी ती सिग्नलला बंद पडली. आठव्या दिवशी पुण्यात पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली तळं साचलं. चौदा महिने गॅरेजला खेटे घातले, पैसे किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, आणि वर हे.

माझी गाडी १९७९ सालची प्रीमिअर पद्मिनी, वडिलांची. मूळ वंश फियाट ११०० चा. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये ती १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ म्हणून बनायची, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). ती मुंबईची टॅक्सी होती तोवर तिचं दुखणं नुसतं ऐकून ओळखणारा माणूस नाक्यानाक्यावर भेटायचा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर ते मिस्त्रीही पांगले. तेव्हा आता दुखणं आपल्यालाच शोधावं लागतं. तुमच्याकडे अँबेसेडर किंवा पन्नाशीच्या दशकातली डुक्कर फियाट असली, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

वर्षभर झटापट केल्यावर मला कळलं ते असं: रिस्टोरेशननंतरच्या कुरबुरी बहुधा गाडीच्या वयाच्या नसतात, त्या रिस्टोरेशननेच आणलेल्या असतात. नव्या रंगाने लोखंडाला लोखंड लागू दिलेलं नसतं. नवा पार्ट जुन्यापेक्षा हलका निघालेला असतो. चाळीस वर्षं जागेवर बसलेली वस्तू काढून परत लावताना केसभर सरकलेली असते. म्हणून ‘काय झिजलंय?’ हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, ‘इथे कोणाचा हात लागलाय?’

आधी वही

दोनशे पानी वही आणा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. तक्रार दिसली की त्याच दिवशी लिहायची, आणि लिहिताना एवढं तरी टिपायचं: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, गिअर कोणता, क्लच दाबल्यावर आवाज जातो का, दिवे चालू होते का, टाकीत पेट्रोल किती. ‘गाडी झटके खाते’ ही नोंद काही कामाची नाही. ‘पंचवीस किलोमीटर गेल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर झटके, दहा मिनिटं उभी केली की ठीक’ एवढं लिहिलंत तर निम्मं निदान तिथेच झालं.

पहिले पाचशे किलोमीटर घराच्या आसपासच फिरवा. आधी दहाची फेरी, मग तीसची, मग ऐंशीची. थेट अलिबाग-महाबळेश्वर गाठायचा मोह मलाही झाला होता. टोइंगवाल्याला दिलेल्या पैशात चांगला मल्टीमीटर आला असता.

दुसरी शिस्त जास्त अवघड आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एका रविवारी पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारी जोडी), त्यांचा कंडेन्सर, प्लग आणि कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) असं सगळं एकदम बदललं. मिसिंग, म्हणजे मधूनच सिलिंडर न पेटणं, गेलं म्हणून खूश झालो. महिन्याने ते परत आलं, तेव्हा कशाने गेलं होतं हेच ठाऊक नव्हतं. सगळं पहिल्यापासून.

कसाकशी

नव्याने बांधलेली गाडी बसते. रंगाचा थर दबतो, गॅस्केट दबतं, रबर दबतं आणि नट ढिले होतात. म्हणून पन्नास किलोमीटरला चाकांचे नट परत कसा. पाचशेला इंजिन ऑइल बदला आणि इंजिन माउंटिंग, सायलेन्सरचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट बघा. नवं हेड गॅस्केट घातलं असेल तर थंड इंजिनवर, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, टॉर्क पान्याने हेड पुन्हा कसायचं. त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांची फट, सेट करायलाच लागतात, कारण हेड दबलं की गॅप बदलतो. टॅपेटची ‘किटकिट’ ऐकून आधी टॅपेट आणि नंतर हेड असं उलटं केलं, तर तेच काम दोनदा.

यातली एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये चुकते. सस्पेन्शनचे आणि पाट्यांचे रबर बुश गाडी उचललेली असताना, चाकं लोंबत असताना कसून टाकतात. मग गाडी खाली उतरली की रबर पीळ खाऊन बसतं. गाडी एका बाजूला उंच दिसते, खड्ड्यात कुरकुरते, आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. उपाय फुकट आहे. ते नट ढिले करा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करा, बॉनेटवर दोनतीनदा जोर देऊन हलवा, आणि मग कसा. माझी डावीकडून दोन बोटं उंच दिसणारी गाडी एवढ्याने सरळ झाली.

अर्थिंग, परत अर्थिंग

इलेक्ट्रिकच्या दहा तक्रारी वहीत असतील, तर वायरिंग उसवण्याआधी अर्थिंग बघा. या गाड्यांमध्ये बॅटरीकडे परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. रिस्टोरेशनमध्ये आपण त्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि लॅकर चढवतो, आणि दिव्याचा स्क्रू त्याच्यावर आवळतो. करंटला वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्याच्या घरातून जातो. इंडिकेटरबरोबर पेट्रोलचा काटा नाचणं, ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मंद होणं, हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढणं, हे सगळं त्याच घराण्यातलं.

तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो, वीस व्होल्ट डीसीवर ठेवायचा. आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग ज्या दिव्याची तक्रार आहे तो चालू करा, कारण बंद दिव्यावर ही चाचणी काहीच सांगत नाही. लाल टोक दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावा आणि काळं बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला. क्लॅम्पला लावू नका, कारण दोष कधीकधी क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामध्येच असतो. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. माझ्या मागच्या दिव्याला १.८ आला. मग लाल टोक एकेक पायरी बॅटरीकडे आणत जायचं: होल्डर, स्क्रू, शेजारचा उघडा पत्रा, बॉडी, बॅटरीची पट्टी. आकडा जिथे धाडकन उतरतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये. माझ्याकडे तो स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये होता, आणि टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या फ्लोटचं अर्थिंगही त्याच स्क्रूवर होतं.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. रुपयाच्या नाण्याएवढा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा. दातेरी वॉशर घाला. नट कसा. मग वरून व्हॅसलीन थापा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. व्हॅसलीन आधी लावलं की सगळं मुसळ केरात. नव्या रंगावर पॉलिशपेपर मारायला जीव धजत नाही, हे मान्य. पण ही जागा दिव्याच्या रबराखाली असते, कोणाला दिसत नाही.

इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी हा याच प्रकरणातला मोठा दरोडेखोर. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे पत्र्याला त्याचा थेट स्पर्श नाही. इंजिन काढून बसवताना ही पट्टी विसरतात, नाहीतर रंगावरच आवळतात. लक्षण मजेशीर आहे. सेल्फ (स्टार्टर) दमल्यासारखा फिरतो आणि सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागते, कारण सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या तारेतून घरी जात असतो. तपासायला कॉइलची छोटी वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि इंजिनचा ब्लॉक व बॅटरीची मायनस खुंटी यांच्यामधला आकडा बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी. आमच्या मिस्त्रीकाकांनी मल्टीमीटरला हातही लावला नाही. चोकच्या केबलला बोट लावलं आणि म्हणाले, “सर, पट्टी विसरलेत.”

एलईडी बल्ब घातल्यावर इंडिकेटर घाईघाईने फडफडत असेल, तर तो बिघाड नाही. एलईडी करंट कमी घेतो, म्हणून जुन्या फ्लॅशरला बल्बचा भार जाणवत नाही एवढंच. फ्लॅशर एलईडीचा घ्या किंवा मागचे साधे बल्ब परत लावा. मी साधे लावले.

झटके, मिसिंग आणि कार्ब्युरेटरवरचा खोटा आळ

गाडी झटके खाऊ लागली की सगळे स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरकडे धावतात. मिस्त्रीकाकांच्या हिशोबात कार्ब्युरेटरची दहापैकी नऊ दुखणी डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्यात, असतात. आकड्याचं मी सांगत नाही, पण क्रम त्यांचाच बरोबर: आधी ठिणगी, मग पेट्रोल. कारण प्लग-पॉइंट तपासून झाले की ते तसेच राहतात. कार्ब्युरेटरचे स्क्रू एकदा फिरवले की मूळ जागा गेली.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा आणि पॉइंटचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवा. नवे पॉइंट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये कॅमवर घासून बसतात आणि गॅप कमी होतो. गॅप कमी झाला की टायमिंग मागे पडतं, पिकअप मरतं आणि इंजिन तापतं. म्हणजे ‘गाडी तापते’ ही तक्रार कधीकधी रेडिएटरची नसते, पॉइंटची असते. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं की ही झीज मंदावते. त्याहून जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

कंडेन्सरचा नवेपणा हीच त्याची अडचण. नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला चार दुकानं फिरून आणलेला, पाकीटबंद, चकाकणारा कंडेन्सर थंड असताना उत्तम चालतो आणि इंजिन तापलं की दगा देतो. लक्षण म्हणजे सकाळी सगळं ठीक, अर्ध्या तासाने मिसिंग, आणि पॉइंट उघडून बघितले तर त्यांच्यामध्ये निळसर-पांढरी मोठी ठिणगी उडतेय. चाचणी फक्त एक: गाडी मिसिंग मारत असतानाच, रस्त्याच्या कडेला, दुसरा कंडेन्सर लावून बघा. म्हणून जुना, चाललेला कंडेन्सर फेकायचा नाही. माझा १९९० च्या आसपासचा काढलेला तुकडा आजही डिकीत आहे आणि त्याने मला दोनदा घरी आणलंय.

प्लगच्या वायरी मुळात बरोबर लागल्यात ना, हेही बघा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या प्लेटची बारीक अर्थची वायर तुटलेली असेल तर ती हलवल्याशिवाय दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? चांगलं चालतं. पण जुनं सगळं डब्यात जपून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीला, म्हणजे ‘व्हीए’ मालिकेच्या नंबरला, गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. माझ्या गाडीची पन्नाशी २०२९ ला. तोपर्यंत मी असा एकही बदल करत नाही जो परत उलटवता येणार नाही.

आता पेट्रोल

रिस्टोरेशनमध्ये टाकी बाहेरून रंगवतात, आतून धुतीलच असं नाही. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि दर शंभर किलोमीटरला डोळ्यांनी बघा. तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवून आतून साफ करण्याला पर्याय नाही. फिल्टर बदलत राहणं म्हणजे छत गळतंय आणि आपण बादल्या बदलतोय.

वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गाडी गुदमरून बंद पडते, दहा मिनिटांनी काही न करता सुरू होते, अशी नोंद वहीत असेल तर बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाही. नवं झाकण बिनभोकाचं आलंय, किंवा हवेची नळी रंगाने बुजलीय. पाचव्या दिवशी सिग्नलला माझी गाडी बंद पडली होती ती याच कारणाने. गॅरेजने मात्र मला नवा पंप विकला होता.

मग इथेनॉल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या प्रकारचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि बुचाची (कॉर्कची) गॅस्केटं त्याने फुगतात, चिकट होतात किंवा तडकतात. पाइप घेताना त्यावर इथेनॉलसाठीची ‘आर-९’ खूण बघून घ्या, आणि दर सहा महिन्यांनी पाइप वाकवून भेगा तपासा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. ठिणगी तपासून झाल्यावरही चढावर ओढ कमी वाटली आणि प्लग पांढरे फटक निघाले, तर जेट एक नंबर मोठा घालून बघायला हरकत नाही. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवा असते आणि इथेनॉल पाणी ओढतं. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो शोधा: टाकीच्या गळ्याचं रबर, फ्लोटचं गॅस्केट, पंपाचे जोड. शोधायला टॉर्च वापरायची, लायटर नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटखाली आग विझवायचा छोटा सिलिंडर हवाच.

उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार म्हणजे गरम गाडी परत सुरू होत नाही. यात दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांचं औषध उलट आहे. चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलात, परत सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येतोय, तर बंद इंजिनच्या धगीने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) सांडलंय. अशा वेळी चोकला हात लावू नका, अॅक्सिलरेटर पंप करू नका. तो पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. थोडा काळा धूर टाकून सुरू होईल. याउलट, खंबाटकीचा घाट चढताना चालत्या गाडीचा दम गेला, वास नाही, आणि फिल्टर अर्धा रिकामा दिसतोय, तर पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालीय. पंपावर ओला फडका टाकायचा, ही टॅक्सीवाल्यांची युक्ती खरंच चालते. कायमचा इलाज मात्र पाइपाच्या वाटेत आहे. इंजिन बसवताना तो सायलेन्सरच्या नळीला चिकटवून नेलेला असतो. चार बोटं दूर घ्या, आणि कार्ब्युरेटरखालचा धग अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा परत बसवलाय का ते पाहा. माझ्याकडे त्याच्या जागी नुसतं गॅस्केट होतं.

आयडलिंग वरखाली होत असेल तर मॅनिफोल्डच्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय. यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारणारे लोक आहेत. गरम सायलेन्सरशेजारी मी ते करणार नाही.

तापणं

काट्यावर विश्वास ठेवण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने वॉटर बॉडीचं, म्हणजे इंजिनाचं पाणी फिरतं त्या भागाचं, तापमान मोजा. नवा सेंडर आणि जुना मीटर यांचं जमत नाही आणि काटा उगाच लाल दाखवतो, हे फार होतं. नवं इंजिन पहिले हजारेक किलोमीटर थोडं तापतंच. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. पाणी भरताना गाडीचं नाक चढाकडे ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. तो बिघडला असेल तर नवा घाला. त्याच्याशिवाय इंजिन थंडीत गरमच होत नाही आणि ऑइलचा चिखल होतो.

ब्रेक: इथे ‘बघू नंतर’ नाही

बाकीच्या तक्रारी वहीत वाट बघू शकतात. ब्रेकची नाही.

पंधरा मिनिटांच्या फेरीनंतर चारही ड्रमचं तापमान थर्मामीटरने मोजून लिहा. डाव्या-उजव्या जोडीत मोठा फरक असेल तर जास्त तापलेलं चाक धरून बसलंय. ते जॅकवर घ्या, फिरवा, आणि फिरत नसेल तर व्हील सिलिंडरचा एअर काढायचा निपल किंचित उघडा. चाक तरीही मोकळं होत नसेल तर दोष लायनर, स्प्रिंग किंवा हँडब्रेकच्या केबलचा. मोकळं झालं तर दाब अडकलेला होता. पुढच्या वेळी चाक धरेल तेव्हा निपलऐवजी मास्टर सिलिंडरजवळचा जोड ढिला करा. तिथे सोडल्यावर चाक मोकळं होत असेल, तर मास्टर सिलिंडर परतीची वाट बंद करतोय. कारण बहुधा हे, की पेडलच्या दांड्याला थोडी मोकळीक ठेवलेलीच नसते. तिथे सोडूनही चाक धरूनच राहत असेल, तर रबरी होज पाइप आतून सुजलाय, बाहेरून कितीही नवा दिसो.

सुरुवातीला ब्रेक ठीक आणि पाच-सहा किलोमीटरनंतर चारही चाकं धरू लागतात, पेडल दगडासारखं होतं, तर थेट त्या दांड्याकडे जा. ब्रेक ऑइल गरम होऊन फुगतं आणि त्याला परत जायला जागा नसते. पेडल हाताने दाबल्यावर प्रतिकार लागण्याआधी काही मिलिमीटर रिकामी चाल हवी.

गाडी एका बाजूला ओढते? अॅडजस्टर दोन्हीकडे सारखे करा, टायरमधली हवा सारखी करा, मग ड्रम उघडा. बेअरिंग भरणाऱ्याचे ग्रीसचे हात लायनरला लागलेले असतात. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. आणि ब्रेक ऑइलचा थेंब नव्या रंगावर पडला तर लगेच भरपूर पाणी ओता. पुसत बसलात तर रंग फडक्याबरोबर येईल.

पाणी कुठून येतं

आठव्या दिवसाच्या तळ्याकडे येतो. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं, म्हणून अंदाजाने सिलिकॉन थापू नका. गालिचा काढा, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरा, एकाला टॉर्च घेऊन आत बसवा. दुसऱ्याने बागेच्या पाइपने, जोर न लावता, खालून वर जायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग दाराचं रबर, मग काच, शेवटी वायपरच्या आसपास आणि छत. प्रत्येक जागेला पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि काही कळत नाही. माझ्या मुलीने आतून ओरडून सांगितलं, “बाबा, वायपर!” वायपरच्या दांड्याखालची रबरी चकती रंगाच्या दिवशी काढली होती, ती कोणी परत घातलीच नव्हती. तीस रुपयांची वस्तू.

दाराच्या रबराची पकड बघायला त्यावर टाल्कम पावडर लावा आणि दार हळू बंद करा. जिथे पत्र्यावर ठसा उमटत नाही तिथे फट आहे. नवी रबरं जाड असतात, दार लागत नाही म्हणून लोक ते आपटतात. त्याऐवजी कडीचा खिट्टा थोडा बाहेर घ्या आणि महिन्याभराने रबर दबलं की परत आत.

आता असं काम जे पहिल्या पावसाआधीच करायला हवं. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. पेंटरने ती रंगाने, आणि खालून मारलेल्या काळ्या डांबरी कोटिंगने बुजवलेली असतात. काचेच्या फटीतून पाणी दारात जाणारच, तसंच ते बनवलेलं आहे, पण त्याला बाहेर पडता आलं पाहिजे. तार घालून प्रत्येक भोक मोकळं करा. दार हलवल्यावर आत पाण्याचा खळखळाट ऐकू येत असेल तर तुम्हाला उशीर झालाय, कडा बघा.

खडखड

आधी डिकी, कप्पे आणि सीटखालचं सगळं बाहेर काढा. निम्मा खडखडाट जॅक आणि पान्यांचा असतो. मग गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागे बसा. स्टिअरिंगवर असलेल्याला आवाजाची दिशा कळत नाही. संशयित जागी मास्किंग टेप लावून फेरी मारा. आवाज गेला तर जागा सापडली. बॉनेटची रबरी बटणं, काचेची मखमली पट्टी आणि सायलेन्सरचे टांगते रबर हे नेहमीचे आरोपी. सायलेन्सर आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडे बोट जायला हवं, कारण इंजिन झटका घेतं तेव्हा तोही हलतो.

थरथर वेगळी. साठ-सत्तरला स्टिअरिंग थरथरतं तर चाकं: बॅलन्सिंग करा, आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी रिस्टोअर होत असताना वर्षभर एकाच जागी उभी होती, टायर चपटे झालेले असतात. थरथर सीटमधून येत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा. त्याच्या मधल्या बेअरिंगचं रबर बघा, आणि शाफ्टचे दोन भाग खुणेवर खूण ठेवून जोडलेत का ते बघा. रंगवताना ती खूण बुजते.

किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) खेळ, म्हणजे ढिलेपणा, असा तपासा: चाक उचला, वर-खाली धरून हलवा, आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. ग्रीस भरतानाही चाक उचललेलंच हवं, नाहीतर वजनाखालच्या बाजूला ग्रीस पोहोचतच नाही. अलाइनमेंट या सगळ्यानंतर.

ऑइल गळतीसाठी इंजिन धुवा, कोरडं करा, पावडर फुंका, वीस मिनिटं चालवा आणि सगळ्यात वरचा ओला डाग शोधा. खालचे थेंब फसवे. बुचाचं गॅस्केट कडेने बाहेर फुगलेलं दिसलं तर ते जास्त कसलंय, अजून कसू नका.

जे वहीतून खोडायचं

काही नोंदी दुरुस्त करायच्या नसतात. डायनामोच्या (जुन्या पद्धतीच्या जनरेटरच्या) गाडीत आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. रेस केल्यावर विझत असेल तर ती तक्रार नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग जुळवून देणारी रचना) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकला की कर्रकर्र होणारच. पूर्ण थांबा, मग टाका. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक दोन क्षण लागत नाहीत, पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवलं की सुकतात. आणि हो, आमच्या गाडीचं मागचं डावं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही. ते १९८५ पासून तसंच आहे. मिस्त्रीकाका सरळ करून देतो म्हणाले, मी नको म्हटलं.